आई वाचायला शिकताहेत

नागपूर,
दि. २६ नोव्हेंबर १९७८

प्रिय जयाचे बाबा यांना
सप्रेम जयभीम.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. कोराडीहून आम्ही परत आलो त्याला बरेच दिवस झाले आणि माझ्याकडून पोचल्याची चार अक्षरंसुद्धा नाहीत, म्हणून तुम्ही रागावलात. रागवा. पण तब्येत बिघडली का म्हणून विचारलंत, तर तसं काही नाही. बसवत नाही, एवढंच. लिहायला बसलं की काहीतरी आठवतं आणि मी उठते. आताही मध्येच उठून दूध पाहून आले. ते शांत होतं.

इथला समाचार भरपूर आहे. कार्पोरेशनला आपल्या वस्तीची एकाएकी दया आली आहे. कुणी म्हणतं निवडणूक जवळ आली, कुणी म्हणतं नगरसेवकाच्या सासूनं इथल्या चिखलात पाय मुरगाळून घेतला. काही का असेना, कामं होऊन राहिली आहेत. चौकातला नळ आता चार तोट्यांचा झाला, खाली सिमेंटचा ओटा. नालीवर फरशा पडल्या. पिंपळापाशी मर्क्युरीचा दिवा लागला, अगदी धरमपेठेत असतो तसा. पहिले काही दिवस बायका त्या उजेडात तांदूळ निवडायला बसायच्या. गरज नव्हती, हौस.

समाजमंदिर पण पुरं झालं. सकाळी तिथे बालवाडी भरते, जया जाते. दुपारी वर्तमानपत्रं ठेवतात. आणि संध्याकाळी बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला आहे. शिकवायला सिंधूताई म्हणून एक बाई येतात, सायकलवर, नऊवारीचा नाही तर गोल पातळाचा काष्टा मारून. मी गंमत म्हणून डोकावले, तर पुढच्या रांगेत कोण बसलं असावं? तुमच्या आई! मांडीवर पाटी, डोक्यावर पदर. मला पाहून म्हणाल्या, "हसू नको वं. तू शिकली तं मी काहून नाई शिकू?" मी कुठे हसले होते.

नळावरची भांडणं आहेत तशीच आहेत. चार तोट्या झाल्या म्हणजे चार रांगा आणि चौपट आवाज. तुम्हाला माहीत आहे, रांगेत माणूस नसतं, पाण्याचा पितळी गुंड असतो, आणि गुंडावर ज्याचं नाव कोरलं असेल त्याच नावानं बाईला हाक मारतात. "धोंडबा, पुढं सरक! गोपाळराव, तुह्यं पाणी वाहून राह्यलं!" असं सगळं चालतं. माझ्या सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण रोज सकाळी त्यांच्या नावानं मी ओरडा खाते.

कोराडीचं तुमचं क्वार्टर चांगलं आहे. मी हे तिथे म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते. आत नळ, ओटा, मागे मोकळी जागा. वाळत टाकलेल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसते म्हणता, ती झटकता येते. शेजारच्या उत्तरावहिनी बोलक्या आहेत, त्यांनी केलेला चहा फार गोड होता. आईंना तर दारच इतकं आवडलं की त्या अजून त्याच्यातून बाहेर आलेल्या नाहीत. काल नळावर सगळ्यांना सांगत होत्या, "माह्या पोराच्या दारावर पाटी हाय, मोठ्या मोठ्या अक्षराची. पोराचं नाव, त्याच्या बापाचं नाव अन् आपलं आडनाव, तिन्ही. आमच्या सूनबाईनं वाचून दाखोलं." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. माझा गुंड अर्धाच भरला होता, तो तसाच उचलून मी घरी आले.

जानेवारीत कायमचं या म्हणता. बघू. जयाची बालवाडी आत्ताच लागली आहे, आईंचा वर्गही. मध्येच तोडलं तर त्यांना वाईट वाटेल. तुम्हालाही घाई नसेल.

एक विचारायचं होतं, पण ते पत्रात नको. जेवण वेळेवर करा.

तुमची
प्रमोदिनी


नागपूर,
दि. १४ जानेवारी १९७९

प्रिय जयाचे बाबा यांना
सप्रेम जयभीम.

पत्रात नको म्हणून लिहिलं होतं, पण तुम्ही इकडे यायचं नाव काढत नाही आणि तुमची पत्रं मात्र येत राहतात. प्रत्येकात तेच. कधी येता, सामान किती आहे, ट्रक सांगू का. आणि या वेळी खाली बारीक अक्षरात, कुणी वाचू नये असं: 'आईला सांगून ठेव, कॉलनीत सगळ्यांना नमस्कार म्हणायचं. बाबासाहेबांचा फोटो आत्ताच आणू नका, मग पाहू.'

हे वाचून मी कितीतरी वेळ घरातल्या घरात फिरत होते. आईंनी विचारलं, "काय लेहलं पोरानं?" मी म्हटलं, थंडी आहे म्हणतात. "मंग फिरून काहून राह्यली? सेटर घाल." मी स्वेटर घातलं आणि फिरत राहिले.

आता लिहितेच. आम्ही आलो त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर होतात. कुलूप होतं. आई दाराशी उभ्या राहिल्या, पाटीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काय लेहलं हाय वं यावर?" मी वाचलं. मनात वाचलं: 'बी. गोपाळराव'. संपलं. पुढे काही नाही. मला वाटलं जागा संपली असेल, पण जागा होती, आणखी दोन नावं मावली असती. तेवढ्यात उत्तरावहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "राव साहेबांच्या मिसेस का? या ना!" आणि चहा ठेवायला आत वळल्या. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बळीराम गोपाळराव गजभिये, असं लिहिलं आहे." पूर्ण वाचून दाखवलं, एकेक शब्द तोडून, शाळेत कविता म्हणतात तसं. आईंनी पदरानं पाटी पुसली.

तेव्हापासून मला बसवत नाही. आता तुम्हाला कळलं.

मला राग आहे. त्याहून जास्त भीती आहे. तुम्ही त्या भाड्याच्या खोलीत राहत होतात, तेव्हाची हकिकत मी विसरलेले नाही. आडनाव कळल्यावर सोबतच्या दोघांनी माठ वेगळा केला, आणि तुम्ही आठवडाभर तो वेगळा माठ पाहत तिथेच झोपलात. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा हसत सांगितलंत. मी हसले नव्हते. क्वार्टर मिळाल्यावर तुम्हाला वाटलं असेल, इथे कुणाला काही माहीत नाही, सगळे बाहेरगावचे, नवं दार, नवी सुरुवात. मला समजतं. खरंच समजतं. रांगेत उभं राहून राहून मलाही कधी कधी वाटतं की कुणी मला नुसतं बाई म्हणावं, पुढे काही विचारू नये.

पण मग जया? जूनमध्ये तिला तिथल्या शाळेत घालायचं म्हणता. मास्तर विचारतील, पूर्ण नाव सांग. ती घरी जे शिकली तेच सांगेल, तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तिला काय सांगायचं, शाळेत गजभिये आणि दारात राव? की तिला आधीच शिकवायचं, अमुक ठिकाणी अमुक बोल? पाच वर्षांची पोर आहे.

आज उत्तरावहिनींकडे तिळगूळ असेल, हळदीकुंकवाची तयारी असेल. त्या बाईवर माझा काही राग नाही. तिनं आपलं काहीच वाकडं केलेलं नाही. तिला आपलं आडनाव सांगून पाहिलंत का कधी? कदाचित तिचा चहा तेवढाच गोड राहील. कदाचित नाही राहणार. तुम्ही तिला संधीच दिली नाही.

राहिलं आईंचं. त्यांना हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून माझं निभलं. पण कार्पोरेशनच्या वर्गात त्या पुढे चालल्या आहेत हो! पुस्तकातली अक्षरं बारीक, त्यांना दिसत नाहीत. पाटीवरचा खडू पुसतो. तेव्हा सिंधूताईंनी काय केलं, सगळ्या बायकांना घरचे गुंड घेऊन यायला सांगितलं. ठोक्याठोक्यांची कोरलेली अक्षरं, मोठी आणि बोटाला लागणारी. आता समाजमंदिरात संध्याकाळी पाहावं तर पितळेच्या रांगा, आणि प्रत्येकीचं बोट आपापल्या गुंडावर. चौकीदारानं नळच आत आला की काय म्हणून विचारलं.

आई आपल्याच गुंडावर शिकताहेत. आणि त्यांचं एक वेगळंच झालं आहे. गुंडावर 'गोपाळराव धोंडबा गजभिये' आहे ना, तर पहिला शब्द नवऱ्याचा. तो त्या तोंडातून काढत नाहीत. सिंधूताई म्हणाल्या, "बायजाबाई, वाचायचंच तर आहे, घ्या नाव." आई म्हणाल्या, "मी शेवटून वाचीन, मले जमते तसं." आणि त्या शेवटचा शब्द आधी वाचतात. ग-ज-भि-ये. मग धोंडबा. मग बोट उचलून पदराला पुसतात. आता कुठेही नाव दिसलं की त्या आधी शेवटाला जातात. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो. मला आधी हसू यायचं. आता येत नाही.

उत्तर लिहा. सामानाचं नाही, याचं.

तुमची
प्रमोदिनी


नागपूर,
दि. ६ फेब्रुवारी १९७९

प्रिय जयाचे बाबा यांना
सप्रेम जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज येतो, समोरच्या घरी काटोलची पत्रं देतो, आमच्याकडे पाहून मान हलवतो. तीच मान हलवण्यासाठी बिचाऱ्याला पगार मिळतो असं मला वाटायला लागलं आहे.

इथलं नवं म्हणजे बस. एसटीची शहर बस आता आपल्या चौकातून थेट कोराडीला जाते. वस्तीनं अर्ज केले होते, नगरसेवकानं फेऱ्या मारल्या, शेवटी झालं. गेल्या आठवड्यात पहिली गाडी आली तेव्हा ड्रायव्हरला हार, कंडक्टरला पेढा, आणि पोरं टपावर चढायला निघालेली. आई गर्दीतून पुढे झाल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "कोराडीले जाते ना गा हे गाडी?" तो म्हणाला, "जाते ना मावशी, बसा." आई दोन पायऱ्या चढल्या, आत सीटांकडे नजर टाकली आणि उतरल्या. "आज नाई. आइतवारी येतो. पोराले सुट्टी राहते."

घरी आल्यावर मी खूप सांगून पाहिलं. थंडी आहे, गुडघे दुखतील, जयाला खोकला आहे. आईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुले नाई यायचं तं नको येऊ. मी जाईन जयाले घेऊन. मले ते पाटी वाचायची हाय. सगळ्याईले सांगून ठेवलं म्या, आता मी सोता वाचीन म्हणून." मी म्हणाले, मागे मी वाचून दाखवली ना. तर काय म्हणाल्या माहीत आहे? "तू वाचली ते तुह्यं वाचणं. आता तू बोलू नको वं. मीच वाचीन."

काल वर्गात सिंधूताईंनी त्यांना उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावलं. त्यांनी गुंड पोटाशी धरला आणि शेवटून सुरुवात केली. वाचून झाल्यावर खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मले काई सांगायचं हाय." आणि सांगितलं. मी चौदा वर्षं या घरात आहे, मलाही हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे का, मला ठाऊक नाही.

तुमच्या वडिलांना, मामाजींना, कामावर सगळे गोप्या म्हणायचे. पोरंसोरंसुद्धा. ज्या वर्षी दीक्षा झाली, त्या वर्षी ते दोघं पांढरे कपडे घालून मैदानावर गेले, परत आले, आणि दुसऱ्या दिवशी मामाजी बाजारात जाऊन हा गुंड घेऊन आले. नाव घालणारा रस्त्यावर बसला होता. त्यानं विचारलं, काय घालू? मामाजी म्हणाले, गोपाळराव. तो म्हणाला, राव कशाला, फुकट ठोके वाढतात. मामाजी म्हणाले, राव घाल, आणि आडनाव पण घाल, पूर्ण घाल, कुणाला विचारायची गरज पडू नये. आईंच्या शब्दांत सांगते: "त्याईनं राव लावलं ते लपाले नाई लावलं." यात त्यांच्या मनात तुम्ही नव्हता. त्यांना काहीच माहीत नाही. त्या नुसतं आपल्या गुंडाचं सांगत होत्या. पण ऐकणारी मी होते, मागच्या भिंतीला टेकून.

वर्ग सुटल्यावर मी एकटीच मर्क्युरीच्या दिव्याखाली उभी राहिले. तुमच्यावर ओरडायचं होतं. तुम्ही नव्हतात, म्हणून नळाच्या ओट्यावर कुणीतरी टाकलेली राख धुऊन काढली.

तर आता हे नीट वाचा. रविवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघी येतो आहोत. मी आईंना अडवणार नाही. मागच्या वेळी मी वाचून दाखवलं, ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आणि तुमची लाज राखायची म्हणूनही. आता नाही. मी मागे उभी राहीन आणि तोंड बंद ठेवीन.

त्या दाराशी जातील. सवयीनं आधी शेवटच्या शब्दाला जातील. तिथे त्यांना गजभिये दिसणार नाही. तिथे त्यांना आपल्या नवऱ्याचं नाव दिसेल, जे त्यांनी आजपर्यंत कधी घेतलं नाही. बोट उचलून पदराला पुसतील. मग मागे वळून विचारतील, पुढचं कुठं गेलं? त्याचं उत्तर मी देणार नाही. तुम्ही दारात असाल. तुम्ही द्या.

किंवा पाटी बदला. कोराडीत रंगारी असेलच. मला माहीत आहे, बदललीत तर कुणीतरी माठ वेगळा करेल. करू द्या. आपण आपला भरू, त्यांच्या शेजारीच ठेवू. मी नळावर एवढी वर्षं उगीच नाही भांडले. मी येईन, राहीन, आणि जो काही बोलेल त्याला पुरून उरेन. उत्तरावहिनींशी मीच आधी बोलेन, तुम्हाला काही करावं लागणार नाही. तुम्ही फक्त दारावर आपलं नाव लिहा.

नाही जमलं तर रागावणार नाही, पण राहणारही नाही. संध्याकाळच्या बसनं परत येऊ, आणि जूनमध्ये जयाचं नाव इथल्याच शाळेत घालीन, पूर्ण नाव. तुम्ही दर रविवारी या. बस आहे आता. तुम्हाला इकडे यायला काही निमित्त लागू नये.

आणखी एक लिहायचं राहिलं. मला तुमची आठवण येते. रोज येते, आणि रागावलेली असताना जास्त येते. त्या क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत काय लावायचं, हे मी कधीच ठरवून ठेवलं आहे. मला ती जागा हवी आहे. तिथे तुम्ही हवे आहात. दुसऱ्या कुणी रावसाहेबांशी माझं लग्न झालेलं नाही.

हे पत्र गुरुवारी तुमच्या हातात पडावं.

तुमची,
आणि तुम्ही दाराला जे काही म्हणाल ते म्हणा, मी तरी हीच राहणार आहे,

सौ. प्रमोदिनी बळीराम गजभिये